अळी झाडासकट दाखव

प्रिय मुली,

तुझ्या तासाचं टिपण वाचलं. सहा-सात वर्षांच्या पोरांसमोर मारिया सिबिला मेरियन, म्हणजे सतराव्या शतकातली किड्यांची चित्रं काढणारी जर्मन बाई, उभी करायची, आणि त्यात जन्म, बाप, सावत्र बाप, लग्न, काडीमोड, जहाज असं सगळं ठेवलंयस. अळी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, तीही रंग भरायच्या छापील कागदावर. अगं, या बाईने जे केलं तेच नेमकं गाळलंस की!

तिचं काम थोडक्यात सांगायचं तर एवढंच: तिने अळी झाडासकट काढली. त्या काळात किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप उपजतात असं बरेच लोक मानत. हौशी मंडळी मेलेली फुलपाखरं खोक्यात लावून ठेवत. हिने 1660 साली, तेराव्या वर्षी, फ्रँकफर्टमध्ये रेशमाचे किडे पाळायला घेतले आणि पुढे आयुष्यभर अळ्या वाढवल्या. 1679 मध्ये न्यूरेंबर्गला तिचं सुरवंटांचं पहिलं पुस्तक निघालं, 50 चित्रांचं. अळी, कोष, पतंग आणि अळीचं खाद्यझाड, सगळं एकाच पानावर. पानाला पडलेली भोकंसुद्धा तिने लपवली नाहीत.

म्हणून तुझ्या मुलांनाही अळी झाडासकटच दिसली पाहिजे. पडद्यावर नव्हे. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर शोधा. कोवळ्या पानावर चिमणीच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका दिसला तर बोटाने झटकू नका, बहुतेक तीच लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे एकदाच दाखव, रोज नको.

रुंद तोंडाची बरणी घे. वर झाकण नको, मलमलीचा तुकडा आणि रबरबँड. तळाला कागद, तो रोज बदलायचा. लेंड्या साचल्या की बुरशी धरते आणि अळी मऊ पडून मरते. फांदी पाण्याच्या लहान बाटलीत ठेव, पण बाटलीच्या तोंडाला कापूस कोंब, नाहीतर अळी खाली उतरून बुडते. सगळ्यात जास्त अळ्या मरतात त्या बाजारातल्या कढीपत्त्याने, कारण त्यावर फवारणी झालेली असते. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पानं आण. झाड बदलायचं नाही. आलं ना परत झाडावरच?

खाणं थांबवून अळी बरणीत सैरावैरा फिरू लागली आणि पातळ शी केली, की ती कोषाला बसणार. आत एक तिरकी काडी हवी, आणि काडीखाली पंख पसरायला मोकळी जागा. जागा कमी पडली तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग काही उपाय नाही. कोषाला साधारण 8 ते 12 दिवस लागतात, थंडीत जास्त. फुलपाखरू बाहेर आल्यावर लालसर थेंब टाकतं. ते रक्त नाही, हे आधीच सांगून ठेव.

कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी माशी किंवा गांधीलमाशीसारखा बारीक किडा निघतो. तेव्हा ‘प्रयोग फसला’ म्हणू नकोस. मेरियनच्या अळ्यांतूनही असे पाहुणे निघाले, आणि तिने तेही चित्रात काढले.

चित्राला एकच कागद, महिनाभर तोच. पहिल्या दिवशी फक्त फांदी. मग अंडं, अळी, कुरतडलेली पानं, कोष, जसं दिसेल तसं त्यात भरत जायचं. घाईने कुणी फुलपाखरू आधीच काढलं तर दुसरा कागद दे. याला लोक हट्ट म्हणतात. म्हणोत. वाट न पाहता काढलेल्या चित्रात मेरियन कुठेच नसते, आणि ही गोष्ट मी सोडणार नाही.

हे झाल्यावर तिची गोष्ट सांग, दहा मिनिटं पुरतात. 1699 मध्ये, बावन्न वर्षांची असताना, आपली चित्रं विकून पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथले मळेवाले साखरेशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करत नसत आणि तिची टर उडवत. तब्येत ढासळल्यावर 1701 मध्ये परतली. 1705 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला 60 चित्रांचं मोठं पुस्तक आलं. त्यातलं पेरूच्या फांदीवरचं, कोळी हमिंगबर्डला खातो ते चित्र पोरांना फार आवडतं.

आणि ‘शूर एकटी बाई’ एवढंच सांगून थांबू नकोस. गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला अळ्या आणून दिल्या, झाडांची माहिती दिली. दोन साध्या वाक्यांत हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं. आपल्या अंगणातला शंकासुरही तिच्या पुस्तकात आहे, अळीसकट. गुलाम स्त्रिया त्याच्या बिया कशासाठी वापरत हेही तिने लिहून ठेवलंय, पण तो भाग मोठ्या वर्गासाठी ठेव.

तुझी,
मावशी

ता. क. रुईवरच्या अळ्या पट्टेरी आणि सुंदर असतात, मुलं त्याच मागतील. पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. पानं तू तोड, आणि लगेच हात धू.