कर्ता कोण ते आधी शोध

प्रिय बाळा,

तुझा पेपर काल रात्री वाचला, दोनदा वाचला, व्हॉट्सअॅपवरच उत्तर टाकणार होते पण ते फारच लांबायला लागलं म्हणून मेल करतेय, सावकाश वाच. आणि शनिवारपासून तू आश्रयाचे अर्ज भरायला मदत करणाऱ्या त्या लीगल क्लिनिकमध्ये बसणार आहेस हे वाचून खूप बरं वाटलं गं. लॉस एंजेलिसमध्ये दोन वर्षं काढायची आणि कॅम्पस, इंडियन ग्रोसरी आणि एअरपोर्ट एवढंच शहर बघून जायचं, अशी किती मुलं बघितली मी.

आता पेपर. तुझं पहिलंच वाक्य आहे की मध्य अमेरिकेतले, म्हणजे एल साल्वाडोर, ग्वाटेमाला अशा देशांतले लोक गरिबी आणि हिंसाचाराला कंटाळून चांगल्या आयुष्याच्या शोधात अमेरिकेत येतात. वाक्य खोटं नाहीये. पण शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद शिकलो ना आपण, तर मला सांग यात हिंसाचाराचा कर्ता कुठाय? हिंसाचार काय पावसासारखा वरून पडला? बंदूक कोणाच्या हातात होती, त्याला ती चालवायला शिकवली कोणी, गोळ्यांचे पैसे कुठल्या तिजोरीतून आले? 'येतात' याचा कर्ता तू बरोबर लिहिलास, 'घालवलं' याचा कर्ता गाळलास. मुद्दाम नाही गाळलास, मला माहितीये, सगळे बातम्यांत असंच लिहितात म्हणून तेच आपल्या हातून उतरतं.

मी पण हेच केलं होतं. नव्वदीच्या शेवटी मी इथल्याच, लॉस एंजेलिसच्या मॅकआर्थर पार्कजवळच्या एका ऑफिसात फॉर्म भरायला बसायचे, स्पॅनिश जेमतेम. एक आजी आल्या, एल साल्वाडोरच्या उत्तर मोरासान भागातल्या. मी विचारलं देश का सोडलात, तर त्यांनी नुसतं गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, डिसेंबर, ८१. आणि गप्प. मला काहीच कळलं नाही, मी फॉर्मवर 'हिंसाचारामुळे' असं लिहून मोकळी झाले. तिथल्या म्हाताऱ्या वकीलबाईंनी तो शब्द खोडला आणि मला एवढंच विचारलं, कुठली बटालियन? मी बघतच राहिले. त्या दिवशी घरी जाऊन जे वाचायला घेतलं ते अजून चालूच आहे.

११ डिसेंबर १९८१ ला मोरासानमधल्या एल मोसोते गावात एल साल्वाडोरच्या लष्कराच्या आत्लाकात्ल बटालियननं बाया, पोरं, म्हातारे सगळे मारले, आजूबाजूची गावं धरून आठशे ते हजार माणसं. ही बटालियन अमेरिकन लष्करी प्रशिक्षकांनी शिकवून तयार केलेली. रुफिना अमाया नावाची एक बाई झाडाझुडपात लपून वाचली, तिनं सांगितलं, जानेवारी १९८२ च्या शेवटी दोन मोठ्या अमेरिकन पेपरांत बातमी आली, आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या रेगन सरकारनं काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, लेखी दिलं की साल्वाडोरचं सरकार मानवी हक्कांच्या बाबतीत सुधारतंय, म्हणजे मदत चालू राहू दे. बातमी खोटी, फुगवलेली असं म्हणत राहिले. १९९२ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या टीमनं तिथल्या चर्चशेजारचं घर उकरलं तेव्हा एकाच खोलीत १४३ जणांचे सांगाडे ओळखता आले, त्यातली १३१ बारा वर्षांखालची मुलं. हा आकडा मी इतक्या वर्षांत कोणाला सांगताना अजून थांबते.

आणि आधीच कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेचे प्रेसिडेंट कार्टर यांना पत्र लिहून विनंती केली होती की आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती लोकांवरच उलटेल. पुढच्याच महिन्यात, २४ मार्चला, प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली. त्यानंतर बारा वर्षं लष्कर विरुद्ध डावे बंडखोर अशी यादवी, ७५ हजार माणसं गेली, आणि देश केवढा, तर जेमतेम पन्नास लाख लोकांचा. लष्करी आणि आर्थिक मदत एकत्र धरली तर वॉशिंग्टनकडून सरासरी दिवसाला दहा लाख डॉलरहून जास्त जात होते. युनोच्या सत्यशोधन आयोगानं १९९३ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी ८५ टक्के अत्याचार लष्कर, पोलीस, डेथ स्क्वॉड (विरोधकांना उचलून मारणाऱ्या टोळ्या) अशा सरकारी बाजूच्या लोकांनी केलेले.

आता पुढचा भाग नीट लक्ष देऊन वाच, कारण तुझ्या क्लिनिकचं काम इथून सुरू होतं. जे लोक पळून इथं आले त्यांनी आश्रय मागितला, असायलम, आणि १९८४ मध्ये साल्वाडोर आणि ग्वाटेमालाच्या लोकांचे १०० अर्ज आले तर ३ सुद्धा मंजूर होत नव्हते. त्याच वर्षी इराणच्या लोकांचे ६० टक्के, सोव्हिएत फौजांपासून पळालेल्या अफगाणांचे ४० टक्के, पोलंडवाल्यांचे ३२ टक्के मंजूर. का? साल्वाडोरच्या माणसाला आश्रय दिला तर कबूल करावं लागतं की आपण ज्या सरकारला पैसे देतोय ते सरकार लोकांना मारतंय. म्हणून त्यांना म्हटलं तुम्ही पोटासाठी आलात, आर्थिक स्थलांतरित आहात, आणि अर्ज नाकारला. शत्रूच्या देशातून आलं की निर्वासित, मित्राच्या देशातून आलं की बेकायदा. क्युबाचं बघ, तिथल्या लोकांसाठी १९६६ पासून स्वतंत्र कायदा, काही काळ इथं राहिलं की ग्रीन कार्ड मागता येतं. १९९७ च्या एका कायद्यानं क्युबा आणि निकाराग्वाच्या लोकांना सरळ ग्रीन कार्डचा रस्ता दिला, साल्वाडोर-ग्वाटेमालावाल्यांना मात्र प्रत्येकाची केस वेगळी तपासू म्हणून बसवून ठेवलं. एकाच भागातली माणसं, एकाच काळातली युद्धं. 'बेकायदा' हा शब्द माणसाला कुठून चिकटतो हे एवढ्यावरनं कळतं.

याविरुद्ध उभं कोण राहिलं तर चर्चमधली साधी माणसं. रोमेरोंच्या खुनाला दोन वर्षं झाली त्याच तारखेला, २४ मार्च १९८२ ला, ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं जाहीर सांगितलं की आम्ही या लोकांना आसरा देणार. पाद्री जॉन फाइफ आणि इतरांवर सरकारनं खटला चालवून दोषीसुद्धा ठरवलं. पण चर्चवाल्यांनी उलट सरकारवर केस केली आणि १९९१ मध्ये समझोता झाला, नाकारलेले अर्ज परत ऐकायचे आणि आश्रय देताना परराष्ट्र धोरण मध्ये आणायचं नाही. माझ्या त्या आजी त्याच समझोत्याखाली परत अर्ज करत होत्या. देश सोडल्याला सोळा-सतरा वर्षं झालेली, आणि सरकारी कागद आत्ता कुठे त्यांना विचारत होता, काय झालं होतं?

ग्वाटेमालाचं तू एका ओळीत उरकलंस, 'तिथेही यादवी होती'. तिथं जरा थांब. १९५२ मध्ये प्रेसिडेंट हाकोबो आर्बेन्झ यांनी कायदा केला की मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन घेऊन भूमिहीनांना द्यायची, भरपाई देऊन. सगळ्यात मोठी जमीनदार होती युनायटेड फ्रूट, केळीवाली अमेरिकन कंपनी. तर या कंपनीनं टॅक्स वाचवायला आपल्या जमिनीची किंमत कागदावर कमी दाखवलेली, हा प्रकार काय असतो ते तुला-मला कोणी समजावून सांगायला नको. सरकार म्हणालं ठीक आहे, तुम्हीच लिहिलेल्या भावानं घ्या, सव्वासहा लाख डॉलर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं कंपनीच्या वतीनं मागितले जवळपास १ कोटी ६० लाख. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री आणि सीआयएचे प्रमुख हे दोघं डलेस बंधू, सख्खे भाऊ, आणि पूर्वी ज्या लॉ फर्ममध्ये दोघं होते तिनं याच कंपनीचं काम केलेलं. जून १९५४ मध्ये सीआयएनं उभ्या केलेल्या बंडात आर्बेन्झ गेले आणि वाटलेल्या जमिनी परत काढून घेतल्या. मग १९६० ते १९९६ यादवी, दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता, ज्यांची ओळख पटली त्यातले ८३ टक्के माया आदिवासी. १९९९ मध्ये प्रेसिडेंट क्लिंटन ग्वाटेमाला सिटीत जाऊन म्हणाले की त्या दडपशाही करणाऱ्या लष्कराला पाठिंबा देणं चूक होतं. त्या वाक्याला कर्ता होता, हे मी त्यांच्या बाजूनं मान्य करते.

म्हणून शनिवारी ग्वाटेमालाचं कोणी समोर बसलं तर पहिला प्रश्न हा विचार की तुम्ही घरी कुठली भाषा बोलता. स्पॅनिश गृहीत धरू नकोस. माम, किचे, कांहोबाल अशा माया भाषा बोलणारे खूप असतात, ते स्पॅनिशमध्ये 'सी, सी', म्हणजे 'हो, हो' म्हणत मान हलवतात आणि आपल्याला वाटतं समजलं, आणि मग कोर्टात त्यांचंच बोलणं त्यांच्याविरुद्ध जातं कारण आधीच्या कागदात भलतंच लिहिलेलं असतं. तसा इंटरप्रिटर नसेल तर त्या दिवशी काम थांबव आणि दुसरी तारीख दे, लाज वाटून घेऊ नकोस.

तारखांचंही तसंच. लोक कॉफीची तोडणी, गावची जत्रा, मधल्या मुलाचा जन्म असं धरून सांगतात, तू इंग्रजी महिन्यात कोंबायला जाऊ नकोस, आधी त्यांच्या पद्धतीनं लिहून घे आणि मग घरी येऊन त्या गावात त्या सुमाराला काय चाललं होतं ते शोध. आणि कायद्यात आश्रयाला कारणं पाचच, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. भूक त्यात नाही, गँगची खंडणी सरळ सरळ त्यात नाही. माणूस आयुष्य सांगतो आणि तुला त्यातून पाच खणांत बसेल तेवढंच उचलायचं असतं, याचा त्रास होईल, मला अजून होतो. पण त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, कधीच नाही.

गँगचं निघालंच तर तू लिहिलंयस की एमएस-१३ ही साल्वाडोरची गँग. बाळा, ती तुझ्या बसच्या रस्त्यावर जन्मली. युद्धातून आलेली पोरं लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन वस्तीच्या गल्ल्यांत वाढली, कागद नाहीत, आईबाप दोन-दोन ठिकाणी साफसफाई करतायत, आधीच्या गँग मारतायत, त्यातून ती उभी राहिली. १९९२ ला तिकडे युद्ध संपलं, मग इकडून डिपोर्टेशन वाढलं, १९९६ च्या कायद्यानं तर लहानसहान गुन्ह्यांवर पण पाठवायला लागले. ज्या देशात धड पोलीस उभे नव्हते, घराघरात युद्धातली हत्यारं होती, तिथं लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेली पोरं नेऊन सोडली. आज तुझ्या समोर जी विशीतली बाई बसेल आणि म्हणेल की गँगवाल्यांनी भावाला मारलं, तिची गोष्ट १९८१ पासून सुरू होते, फक्त मधली पानं तिला कोणी दाखवलेली नसतात.

पण याचा अर्थ सगळं वॉशिंग्टननंच केलं असं लिहायला जाऊ नकोस, ते आळशी लिखाण होईल. साल्वाडोरच्या कॉफीच्या मळ्यांचे मालक, तिथले जनरल, ग्वाटेमालाचे मोठे जमीनदार हे काय कोणाच्या हातचे बाहुले नव्हते, त्यांनी आपल्याच माणसांना शंभर वर्षं लुटलं आणि वरून मदत मिळाली तेव्हा ती आनंदानं वापरली. कर्ते अनेक असतात, सगळ्यांची नावं लिही.

आणि आलेल्या लोकांना नुसतं कर्म करून ठेवू नकोस. १५ जून १९९० ला लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटीत ऑफिसं झाडणाऱ्या जॅनिटर लोकांचा मोर्चा होता, बरेचसे साल्वाडोर-ग्वाटेमालाचे, पोलिसांनी भर रस्त्यात बडवले, काही आठवड्यांत कंपनीला युनियन मान्य करावी लागली. वकीलबाई म्हणायच्या, ज्यांनी तिकडे युनियन केली म्हणून डेथ स्क्वॉड मागे लागला ते इकडच्या लाठीला काय घाबरणार. आणि आज साल्वाडोरच्या जीडीपीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पैसा हीच इथली माणसं पाठवतात.

आता तुझ्या काकांचं. ते म्हणाले ना, आम्ही लाइनीत उभं राहून आलो, यांनी पण राहावं. मी स्वतः हे वाक्य बोललेय, अगदी मनापासून. मग कळलं ती लाइन कशी तयार झाली ते. १९६५ पर्यंत भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. त्या वर्षीच्या कायद्यानं तो संपला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर यायला लागले, आपली मराठी मंडळं, गणपती, सगळं त्याच्यानंतर वाढलं. त्याच कायद्यानं पहिल्यांदाच अमेरिका खंडातल्या देशांवर वरची मर्यादा घातली, सगळे मिळून वर्षाला १ लाख २० हजार, १९६८ पासून. मेक्सिकोच्या शेतमजुरांना तात्पुरतं कामाला आणणारा ब्रासेरो प्रोग्रॅम त्याच्या एकच वर्ष आधी बंद केलेला. आणि १९७६ ला अमेरिका खंडातल्या या देशांनाही एका देशाला वर्षाला २० हजार अशी मर्यादा लावली. म्हणजे जी सही आपल्यासाठी दार उघडून गेली तिनंच त्यांचं दार ओढून घेतलं, एकाच कागदावर. काकांची ग्रीन कार्डची लाइन इतकी लांब का, तर वर्षाच्या ठरलेल्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही असा नियम, तोही कोणीतरी लिहिलेलाच आहे. काकांशी भांडू नकोस, ते थकलेत, फक्त हे सांग त्यांना, जेवताना.

पेपर असाच ठेव, फक्त पहिलं वाक्य बदल आणि ग्वाटेमालाला दोन पानं दे, मग मला पाठव. शनिवारी टिश्यूचा बॉक्स आणि पाण्याच्या बाटल्या तूच घेऊन जा, तिथं कायम संपलेल्या असतात. आणि बाईबरोबर लहान मूल आलं तर त्याला इंटरप्रिटर करू नकोस, त्याला कागद आणि खडू दे आणि दुसऱ्या खोलीत बसव.

तुझी,
मावशी