लॉन मोअर घेताना आधी तो आडवा करून खालून बघा

तुम्ही विचारलंय की शिवोलीला नवीन घर घेतलंय, पाचशे-सहाशे चौरस मीटर लॉन आहे, मोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, घेताना काय बघू, आणि तुमच्या हातात असतं तर त्याच्यात काय सुधारलं असतं. दुसरा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी बारा वर्षं गोव्यात, बार्देश तालुक्यात लोकांच्या बागा सांभाळतोय आणि त्यातला बराचसा वेळ मोअरखाली वाकून शिव्या घालण्यात गेलाय.

थेट सांगतो, दुकानात मोअर आडवा करून खालून बघा. सगळे वरून बघतात, किती सीसी, रंग कसला, पिशवी केवढी. पण मशीनचं खरं काम खालच्या घुमटात चालतं, त्याला डेक म्हणतात, आणि आपल्याकडे मशीन मरतं तेही तिथूनच. फिरणारं ब्लेड नुसतं कापत नाही, त्याची मागची कड वर वळलेली असते, ती पंख्यासारखी हवा ओढते, गवत उभं करते, मग कापते आणि वाऱ्यानेच पिशवीत फेकते. आता गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि गवत वाढतं तेही नेमकं तेव्हाच. ओलं कार्पेट ग्रास आणि तांबडी माती मिळून डेकला आतून असं लिंपून बसतं की अंगण सारवल्यासारखं दिसतं. मग हवेला जागाच राहत नाही, गवत नुसतं लोळतं, टोकं फाटतात, दोन दिवसांनी लॉन पिवळं दिसतं आणि मालक म्हणतो खत कमी पडलं!

म्हणून डेक आतून गुळगुळीत हवा, कोपरे-कपारी, बाहेर आलेले बोल्ट जितके कमी तितकं बरं. गवत बाहेर पडायचं तोंड रुंद हवं. पत्र्याचा डेक समुद्राजवळ दोन-तीन पावसाळ्यांत गंजून भोक पडलेला मी पाहिलाय, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम किंवा चांगल्या जाड प्लास्टिकचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. काही मॉडेलना वरून पाण्याचा पाइप जोडायला नळी असते, पाणी सोडायचं आणि ब्लेड फिरवून आतून धुवायचं. चांगली सोय आहे, पण लगेच धुतलं तर. संध्याकाळपर्यंत ठेवलं की ते सिमेंट होतं. मी नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने खरवडतो, रंग उडत नाही, मग सुकवून खोबरेल चोळतो. मशीन उलटं करण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायची, आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवूनच आडवं करायचं, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी नुसता पांढरा धूर. माझं चाललं असतं तर डेकचा खालचा भाग बिजागरीवर उघडेल असा केला असता, पेटाऱ्याच्या झाकणासारखा, आणि सगळे बोल्ट स्टेनलेसचे.

दुसरी गोष्ट दगड. आपल्याकडे वाफ्याला चिरे लावलेले असतात, माडाखाली झावळ्या, पोय म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं वाळलेलं आवरण, कधी अख्खा नारळ. एकवीस इंची ब्लेड मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जातो. असगावात एकदा गवतात बुडालेल्या चिऱ्यावर माझं ब्लेड बसलं, धाडकन आवाज आणि मशीन बंद. नंतर इंजिन चालू करायची दोरी ओढून ओढून खांदा गेला, चालू होईना, झालं तरी उलट झटका देऊन दोरी हातातून खेचून घ्यायचं. मेकॅनिककडे नेलं तर तो म्हणाला कार्बोरेटर बदलावा लागेल. बदलला, पैसे गेले, मशीन तसंच. शेवटी मीच फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, उघडलं, तर आतली छोटीशी चावी अर्धी कापली गेलेली. ही मऊ धातूची चावी फ्लायव्हील आणि शाफ्टच्या खाचेत बसते, ती सरकली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. किमतीला अगदी किरकोळ. पण तिथे पोचायला अर्धं इंजिन खोलावं लागतं, हा डिझाइनचा मूर्खपणा. तुटायचा भाग खाली ब्लेडपाशी ठेवा ना, पान्हा लावला, नवीन बसवला, चहाच्या आधी काम खलास! नाहीतर गोल चकतीवर सुटी पाती ठेवा, दगड लागला की मागे वळणारी, आपोआप फिरणाऱ्या रोबो मोअरला असतात तशी.

आता सेफ्टीचा दांडा. हँडलला चिकटून जो दांडा दाबून धरायचा असतो तो सोडला की ब्लेड थांबतं, अमेरिकेत 1982 पासून नियमच आहे की सोडल्यावर तीन सेकंदात थांबलं पाहिजे. आपल्याकडे काय होतं? मशीन चालवणारा कामाचा मुलगा अर्ध्या तासात सुतळी आणतो आणि दांडा हँडलला बांधून टाकतो. मी ओरडतो, तो हसतो. पण खरं सांगू, मी स्वतः दोन तास धरून बघितला तर बोटं आखडली, घामाने निसटतो तो वेगळाच. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, स्प्रिंग मऊ करा, दांडा जाड करून रबर लावा, कोण कशाला बांधेल! हँडलची उंचीही तशीच, सहा फुटी माणसाच्या मापाची, आमची पोरं खांदे वर करून ढकलतात. तीन उंच्यांवर बसणारं हँडल बघून घ्या.

उंचीवरून आठवलं, कापायची उंची बदलायला चारही चाकांना वेगळा खटका असेल तर घेऊ नका, एकच दांडा हवा. चार खटके कोणी बदलत नाही, मग वर्षभर एकाच उंचीवर कापतात. गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नये, म्हणून पावसात उंच ठेवून आठवड्याला फिरवायचं. चवथीला घरी येणाऱ्या लोकांचा फोन येतो तेव्हा गवत गुडघाभर असतं, तिथे मोअर चालत नाही, आधी ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचं लांब दांड्याचं मशीन. आणि त्याच्याही आधी काठी आपटत एक फेरी, घोणस सांगून येत नाही.

पेट्रोलचं एक महत्त्वाचं. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. मोअर जानेवारीनंतर बसून राहतो, मेमध्ये काढला तर कार्बोरेटरमध्ये चिकट गाळ. टाकीखाली पेट्रोलचा कॉक, म्हणजे पेट्रोल बंद करायची तोटी, असलेलं मॉडेल घ्या, ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, टाकी रिकामी करा. इतका साधा कॉक सगळ्यांना का देत नाहीत कळत नाही.

वायरवाला इलेक्ट्रिक पावसाळ्यात नको, म्हणजे नकोच. बॅटरीवाला चांगला, आवाज कमी, दुपारी शेजारी ओरडत नाहीत, पण ओल्या गवतात चार्ज भराभर उतरतो, तुमच्या जागेला दोन बॅटऱ्या लागतील. रोबोचं म्हणाल तर माडाखाली मी ठेवणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर अ‍ॅल्युमिनियम डेकचा, मागची चाकं मोठी असलेला पेट्रोल मोअर घेतला असता, स्वतः चालणारा नाही, साधा ढकलायचा, कारण त्या गिअरमध्येही तोच चिखल जातो. आणि दुकानदार आडवा करून दाखवायला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, म्हापशात दुकानं कमी नाहीत.