बाळाच्या छातीत आवाज आला, म्हणजे हृदयाला छेदच का?

चोपडा तालुक्यातलं कुटुंब. पहिलटकरीण, दिवस भरून झालेलं बाळ. दुसऱ्या दिवशी तपासताना डॉक्टर म्हणाले, “थोडा मर्मर, म्हणजे हृदयात जादा आवाज, ऐकू येतोय, उद्या पुन्हा बघू.” बाळाचे तळवे निळसर आहेत हे आजीने सकाळीच पाहिलं होतं. “छेद शे का ताई?” तिने मला विचारलं आणि सून रडायलाच लागली.

पोटात असताना प्राणवायू नाळेतून मिळतो, फुप्फुसांत पाणी असतं. म्हणून बरंचसं रक्त फुप्फुसं टाळून दोन वाटांनी पुढे जातं. एक वाट हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातली, दुसरी फुप्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी नळी. मावशी, या वाटा जन्माआधी तुम्हालाही होत्या, हे सांगितल्यावर आजी जरा सावरून बसली.

बाळ रडतं, फुप्फुसांत हवा भरते, रक्त तिकडे वळतं. ते परत डाव्या कप्प्यात आलं की तिथला दाब वाढतो आणि पडद्यातली झडप एकाच बाजूने उघडणाऱ्या दारासारखी मिटते. नळी मात्र सावकाश आकसते. दिवस भरलेल्या बाळात ती बहुतेकदा तीन दिवसांत मिटते, कायमची बुजायला दोन-तीन आठवडे जातात. अरुंद होत चाललेल्या नळीतून रक्त जोराने जातं, तोच आवाज बरेचदा ऐकू येतो.

जीभ-ओठ गुलाबी होते. कूलरचा झोत थेट बाळावर येत होता, तो वळवला. बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, तळव्यांचा रंग पालटला. पहिले एक-दोन दिवस हातपाय असे निळसर दिसू शकतात. जीभ निळी दिसणं कधीच चालत नाही.

२४ तासांनंतर रक्तातला ऑक्सिजन उजव्या हाताला आणि एका पायाला मोजतात. उजवाच हात, कारण त्याच्याकडे जाणारं रक्त महाधमनीला ती नळी जोडली जाते त्याच्या आधीच वळतं. इथे ९७ आणि ९६ टक्के आले. ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. ९० च्या खाली गेलं तर लगेच पुढची तपासणी. मधलं काही आलं तर तासाने पुन्हा मोजायचं.

तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता. तरी सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नका, असं बजावलं. खालच्या कप्प्यांमधल्या छेदाचा आवाज कधीकधी फुप्फुसांतला दाब उतरल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनीच येतो. खरंच छेद निघाला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात उपचार मोफत होतात.

दूध ओढताना कपाळाला घाम, दर दोन घोटांना दम, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा. श्वास बाळ झोपलेलं असताना, झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तेवढेच आले, किंवा जीभ निळी दिसली, तर थेट १०८ ला फोन करा.