भेंडीच्या ठशांपासून सुरुवात करा

3 वर्षांच्या लेकीसोबत घरी चित्रकला-हस्तकला कशी सुरू करावी असं विचारलंत, तर क्राफ्ट किट, ग्लिटर वगैरे आत्ताच आणू नका. भाजी चिरताना भेंडीचा देठाकडचा जाड तुकडा बाजूला ठेवा. कापलेली बाजू रंगात बुडवून कागदावर दाबली की बहुधा 5 पाकळ्यांचं फूल उमटतं, आणि देठ तसाच ठेवल्यामुळे चिमुकल्या बोटांना धरायला मूठ मिळते. भेंडी चिकट असते, म्हणून आधी फडक्याने टिपून घ्या. रंग वाटीत ओतू नका. बशीत सुती कापडाची ओलसर घडी ठेवून त्यावर चमचाभर घट्ट रंग पसरा, म्हणजे ठसा फिसकटत नाही.

रंग घरचेही चालतात. बीट किसून पिळा, हळद पाण्यात कालवा. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाखवाच! पिवळ्याचा लालसर होताना मुलं डोळे विस्फारून बघतात. हळदीचे डाग निघता निघत नाहीत, तेव्हा जुनाच फ्रॉक घाला.

मळायला आवडत असेल तर 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घेऊन खेळायचा गोळा मळा. यात मीठ फार असतं, तोंडात जाऊ देऊ नका.

‘हे काय काढलंस?’ असं मात्र विचारू नका. या वयात रेघोट्याच असतात, आणि असायलाच हव्यात. ‘इथे जोरात दाबलंस ना?’ एवढंच म्हणा, पुढचं तीच सांगेल. 10 मिनिटांत उठून गेली तरी जाऊ द्या. कागद दोरीवर चिमट्याने वाळत घाला, मागे तारीख टाका.