वाचक विचारतात : सेफ्टी रेझरची दाढी

प्रश्न : इतकी वर्षं कार्ट्रिजचा रेझर वापरला. गेल्या महिन्यात दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घेतला, तर हनुवटीवर आणि कंठमण्यापाशी रोज कापतंय. ब्लेड बदललं, तरी तेच. (नाशिक)

उत्तर : दोष ब्लेडचा नाही, हाताच्या जुन्या सवयीचा आहे. कार्ट्रिजचं डोकं चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे स्वतः कलतं, म्हणून दाबून ओढलं तरी निभावतं. सेफ्टी रेझरचं डोकं पक्कं असतं. कोन तुम्हालाच सांभाळावा लागतो आणि दाब अजिबात द्यायचा नसतो. धातूचे बरेचसे रेझर 70 ते 100 ग्रॅमचे असतात. केस कापायला तेवढं वजन पुरतं. दांडी मुठीत आवळू नका, बोटांच्या चिमटीत, शेवटाकडे धरा. मूठ वळली की दाब न कळत येतोच.

कोन असा शोधा. रेझरची टोपी गालावर टेकवा, दांडी गालाशी काटकोनात ठेवा. मग दांडी हळूहळू खाली आणत छोटा हात फिरवा. एका जागी केस कापल्याचा करकर आवाज सुरू होतो. तिथे थांबा, ब्लेड आणि कातडीत साधारण 30 अंश असतात. दांडी त्याहून खाली गेली की ब्लेड कातडी खरवडतं, आणि संध्याकाळपर्यंत आग होते. एका हाताची लांबी 2-3 सेंटीमीटरच ठेवा, कारण लांब हात मारताना मध्येच कोन सुटतो.

हनुवटीचं वळण सगळ्यांत अवघड. तिथे खालचा ओठ दातांवर ओढून घ्या आणि जेमतेम सेंटीमीटरभराचे हात मारा. कंठमण्यावरून रेझर सरळ नेऊच नका. तिथली कातडी बोटांनी बाजूला, सपाट भागावर सरकवा आणि मग दाढी करा. बोटं निसटत असतील तर ओल्या तुरटीवर टेकवा, लगेच पकड येते.

पहिला महिना फक्त सुलटा हात मारा, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. ती दिशा कोरड्या चेहऱ्यावर बोट फिरवून आधीच पाहून ठेवा. मानेवरचे केस अनेकांचे आडवे, काहींचे तर खालून वर वाढलेले असतात. दुसरा फेरा हवाच असेल तर पुन्हा फेस लावून आडवा मारा. फेस नसलेल्या जागी रेझर टेकवायचा नाही. 'इथे थोडं राहिलंय' म्हणून कोरड्यावर मारलेल्या एका हातानेच बहुतेक वेळा कापतं.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. साबण कितीही घासला तरी फेस टिकत नाही. (लातूर)

उत्तर : जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतात, आणि फेसासाठी साबणच उरत नाही. फेसापुरतं अर्धी वाटी फिल्टरचं आरओ पाणी घ्या. तोंड बोअरच्या पाण्याने धुतलं तरी चालेल.

ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, चांगला झटका आणि वडीवर अर्धा मिनिट फिरवा. मग वाटीत किंवा गालावर फेटताना पाणी थेंबाथेंबाने घाला. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. फेस कडेने सुकायला लागला तर कमी पडलं. घोटलेल्या दह्यासारखा दाट आणि चकचकीत झाला की तयार. घाई करू नका, याला दीड-दोन मिनिटं लागतातच. दाढी अंघोळीनंतर करा, केस पाणी पिऊन मऊ झालेले असतात.

प्रश्न : पहिला रेझर कोणता घ्यावा? ब्लेड किती दिवस चालतं? (बेळगाव)

उत्तर : टोपी, तळपट्टी आणि दांडी असा तीन भागांचा, सरळ कडेचा रेझर घ्या. दातेरी कडेचा किंवा कोन बदलता येणारा सुरुवातीला नको. किंग कॅम्प जिलेट यांना 1904 साली अमेरिकेत पेटंट मिळालं त्या रचनेचं तत्त्व आजही तेच आहे: जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचं ब्लेड वाकवून आवळलं की ताठ होतं. म्हणून दांडी पूर्ण आवळा. सैल राहिली तर ब्लेड थरथरतं. ब्लेड धार नसलेल्या आखूड बाजूंनी धरून बसवा. आवळल्यावर समोरून पाहा, दोन्हीकडे धार सारखीच बाहेर यायला हवी. एका बाजूला जास्त दिसली तर सैल करून पुन्हा बसवा.

एक ब्लेड चार-पाच दाढ्या चालतं. केस ओढल्यासारखे वाटले की त्याच दिवशी बदला. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धार बिघडते. पाण्याखाली धुऊन झटकलं की झालं.

प्रश्न : दाढीनंतर तुरटी लावावी का? मानेवर बारीक पुळ्या येतात. (ठाणे)

उत्तर : गार पाण्याने तोंड धुऊन ओली तुरटी हलकेच फिरवा, अर्ध्या-एक मिनिटाने धुऊन टाका. तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते. जिथे जास्त चुरचुरतं तिथे दाब जास्त पडला, हेही कळतं. पुळ्या बहुधा उलट्या हाताने येतात: केस कातडीखाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो. मानेवर उलटा हात पूर्ण बंद करा. पुळ्यांत पू दिसला तर दाढी थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.