नांगर, नेगिलु आणि लंगर

खानापूर तालुक्यातून प्रश्न आलाय: 'नांगर' हा शब्द कानडी 'नेगिलु'वरून आला का, आणि बोटीच्या नांगराशी त्याचं नातं काय? शेवटी ते नेहमीचं वाक्य आहेच, 'नांगराचा शोध आपल्या बेळगावात किर्लोस्करांनी लावला.'

अहो, शोध कसला? लक्ष्मणरावांनी बेळगावात घडवला तो लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी पहिले नग खपायलाच दोन वर्षं गेली. लाकडी नांगराचा फाळ माती नुसती फाडतो, दोन तासांच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या दोन चरांच्या मधे न फुटलेली पट्टी राहते, म्हणून उभी झाली की आडवी नांगरट करावी लागते. लोखंडी नांगराचा वाकडा पंख ढेकूळ पालथं करून तण गाडतो. ही सुधारणा मोठीच, पण नुसता नांगर ऋग्वेदात 'लांगल' नावानं आहे आणि राजस्थानात कालीबंगाला नांगरलेलं शेत सापडलंय ते साडेचार हजार वर्षांहून जुनं.

आता 'नेगिलु'. लांगल, पालीत नंगल, प्राकृतात णंगल, मराठीत नांगर ही वाट सरळ आहे. कानडीकडून उसनवारी नाही. उलट दिशेनंही खात्री देता येत नाही, कारण या अवजाराची मिळतीजुळती नावं दूरदूरच्या भाषांत आहेत. संताळीत नाहेल, मलयमध्ये तेंगाला, तमिळमध्ये नाञ्चिल! सीमावादात शब्द ओढणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे वाचावं. संस्कृतातले जुने व्याकरणकार, उणादिसूत्रकार, 'लङ्ग्' म्हणजे जाणे या धातूवरून लांगल साधतात, ती ओढाताण आहे. प्रशिलुस्की आणि कायपर हे भाषाशास्त्रज्ञ मुंडा-ख्मेर भाषाकुळाकडे (संताळी त्यातलीच) बोट दाखवतात ते मला पटतं. प्रशिलुस्कींनी त्याच दावणीला लांगूल (शेपूट) आणि लिंग हे शब्दही बांधलं, तिथं मात्र त्यांची गाडी घसरली.

बोटीचा नांगर वेगळा. तो फारसी 'लंगर'. 'ल'चा 'न' झाला एवढं सांगून काही जण मोकळे होतात. मग लगामचा नगाम का नाही झाला? हत्तीच्या पायातला लंगर, म्हणजे साखळदंड, लंगरच का राहिला? माझा तर्क असा: कोकणात पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढलेली, खलाशी भाताच्या खाचरात. दोरीला बांधलेलं, तळात रुतणारं टोकदार अवजार त्याच्या ओळखीचं होतं, परक्या शब्दावर घरचा शब्द चढला. म्हणून शेत नांगरताना बैल चालतात आणि जहाज नांगरलं की थांबतं.

गंमत पुढंच आहे. १९३३ साली इंग्रज शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी नौकेसाठी नवा नांगर काढला, तो चक्क शेतातल्या नांगराच्या घाटाचा: पाठीला पाठ लावलेले दोन पंख, पुढं टोक, दांड्याला बिजागरी. जुन्या नांगराचा एक दात वर राही आणि त्यात साखळी अडके. इथं तो दातच नाही, आणि वजनाच्या मानानं पकड जबर. दोर मात्र पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो. आखूड सोडला की ओढ वर जाते, दांडा उचलतो आणि टोक सुटतं. तळाशी दाट पाणगवत असलं तर फाळ आत शिरतच नाही, वरून घसरत जातो. हरळी माजलेल्या रानात लाकडी नांगराचं होतं तेच.