मुले कमी, म्हातारे जास्त : पाहणार कोण?

प्रश्न : बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात आता सारे साठीपुढचेच उरले आहेत, मुले बंगळुरूला नाहीतर कॅनडात. जन्मदर असाच घटत राहिला, तर आमच्याकडे पाहणार कोण?

उत्तर : मुले परगावी जाणे आणि जन्मदर घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घटही खरीच आहे. लोकसंख्या टिकण्यास दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातचा आकडा १.९ होता. पैसे देऊन जन्मदर वाढवण्याचा दक्षिण कोरियाचा खटाटोप फारसा फळला नाही. २०२३ मध्ये तेथील दर ०.७२ वर आला. मला जपानचा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो : तेथे २००० पासून चाळिशी गाठलेले सारे नागरिक शुश्रूषा विम्याचा हप्ता भरतात आणि त्यातून, सरकारी करांची जोड मिळून, घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या, जेवू घालणाऱ्या मदतनिसाचा बहुतांश खर्च भागतो. आपल्या आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्वांना रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे, रोजच्या शुश्रूषेचे नाही. तेव्हा वाड्यातील बिऱ्हाडांनी मिळून एक प्रशिक्षित मदतनीस ठेवावा, आणि जिन्याला कठडा नसेल तर तो आधी बसवून घ्यावा.